मरण कोणत्या वयात येतं, त्यावर देशाचं आयुर्मान ठरतं

१९७० ते १९७५ या काळात भारतीयांचं सरासरी आयुर्मान ४९.७ वर्षं होतं. हा आकडा वाचला की वाटतं, पन्नाशी गाठता गाठता बहुतेकांचा कारभार आटोपत असावा. पण तेव्हाची गावं, वाडे, चाळी आठवून पाहा. ओट्यावर बसणारे सत्तरीचे आजोबा होते, ऐंशी ओलांडलेल्या पणज्या होत्या. साठीशांत व्हायची, कुणाकुणाचं सहस्रचंद्रदर्शनही व्हायचं. मग सरासरी पन्नासच्या खाली कशी?

उत्तर त्याच पणजीकडे होतं. "मला आठ झाली, त्यातली पाच राहिली," असं सांगणाऱ्या बायका घरोघरी होत्या. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाचीही होत नव्हती. सरासरी खाली ओढली जात होती ती या बाळांच्या मृत्यूंमुळे. पन्नाशीतल्या माणसांनी माना टाकल्या, असं त्याचं कारण नव्हतं.

हिशेब करून बघू. दहा बाळं जन्मली. तीन पहिल्या वर्षातच गेली आणि उरलेली सात सत्तर वर्षं जगली. सगळ्यांची मिळून ४९० वर्षं झाली, म्हणजे सरासरी आली ४९. आता या सात जणांना उत्तमातले उत्तम डॉक्टर दिले, त्यांची हृदयं सांभाळली आणि प्रत्येकाचं आयुष्य पाच वर्षांनी वाढवलं. सरासरी होईल साडेबावन्न. तसं न करता त्या तीन बाळांना वाचवलं आणि तीही सत्तरीपर्यंत जगली, तर सरासरी थेट ७० वर जाते. जगभरच्या आयुर्मानाचा इतिहास बराचसा या हिशेबात सामावला आहे. एखाद्या आजारानं किती माणसं जातात हे महत्त्वाचं आहेच, पण तो कोणत्या वयात गाठतो यावर देशाचा आकडा त्याहून जास्त हलतो.

हा आकडा भविष्य सांगत नाही

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण शिकलेली माणसंही इथे चुकतात. 'या देशाचं आयुर्मान ७० वर्षं' याचा अर्थ आज तिथे जन्मलेलं बाळ सत्तराव्या वर्षी जाणार, असा नाही. यंदा त्या देशात प्रत्येक वयाला मरणाचं जे प्रमाण आहे, तेच प्रमाण एखाद्या बाळाला जन्मभर लागू पडलं असतं तर ते सरासरी किती जगलं असतं, एवढंच तो आकडा सांगतो. त्यासाठी शून्यापासून शंभरीपर्यंत प्रत्येक वयाचा मृत्युदर मांडून एक सारणी करतात. आयुर्विमा कंपन्यांचा सगळा धंदा या सारणीवर उभा आहे. धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडमंड हॅली यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून अशी सारणी तयार केली होती.

म्हणून एका वर्षात मोठी आपत्ती आली की आकडा धाडकन कोसळतो आणि पुढच्याच वर्षी उठूनही बसतो. अमेरिकेत १९१७ साली आयुर्मान जवळपास ५१ वर्षं होतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ते ३९ वर आलं आणि १९१९ मध्ये ५४ च्या पुढे गेलं. एका वर्षात अमेरिकी माणसाचं शरीर बारा वर्षांनी कमकुवत होऊन पुन्हा धडधाकट झालं, असं अर्थातच घडलं नाही. त्या साथीनं विशी-तिशीतली तरुण माणसं मोठ्या संख्येनं नेली, म्हणून घसरण एवढी खोल दिसली. तीच साथ जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून भारतात शिरली आणि इथे एक कोटीहून जास्त बळी घेऊन गेली. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. शिरगणती सुरू झाल्यापासून असं फक्त याच दशकात घडलं आहे.

कोविडनं जगाला हेच पुन्हा दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०१९ मध्ये ७३ च्या थोडं वर असलेलं जगाचं आयुर्मान २०२१ मध्ये ७१.४ वर आलं. पण कोविडचा घाव मुख्यतः उतारवयावर होता. मरण पावलेल्यांची संख्या अफाट असूनही घसरण पावणेदोन वर्षांच्या आसपास राहिली, त्यामागे हेही एक कारण आहे. हाच आजार लहान मुलांना तितक्याच प्रमाणात मारणारा असता, तर आकडा कितीतरी खाली गेला असता.

पहिली लढाई पाळण्यापाशी

जगात आजही जे देश आयुर्मानाच्या यादीत तळाशी आहेत, त्यांतले बहुतेक आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या आसपास आणि दक्षिणेला आहेत. नायजेरिया, चाड, नायजर. तिथे पाच वर्षांच्या आत मुलं जाण्याची कारणं आपल्याला अनोळखी नाहीत: न्यूमोनिया, जुलाब, हिवताप, जन्मतःच कमी वजन, बाळंतपणातली गुंतागुंत, नवजात बाळाला झालेला जंतुसंसर्ग. हिवतापानं जगात दर वर्षी सुमारे सहा लाख माणसं जातात. त्यातली ९५ टक्के आफ्रिकेतली असतात आणि बहुसंख्य पाच वर्षांच्या आतली मुलं. यातल्या बहुतेक कारणांवरचे उपाय स्वस्त आहेत आणि ते काही दशकांपासून माहीत आहेत. मला या विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

जुलाबाचंच घ्या. जुलाबात मूल जातं ते शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. बनगावच्या इस्पितळात सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना ते पाजायला सांगितलं. शंभरात तीसच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चारच्या खाली आलं. हीच आपल्या आरोग्य केंद्रांत मिळणारी जलसंजीवनी. २०२२ मध्ये महालनबीस गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं आहे. १९८८ च्या सुमाराला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या गावांमध्ये मोजणी केली, तेव्हा हजारामागे १२१ बाळं पहिल्या वर्षात जात होती. आधी त्यांनी न्यूमोनियावर काम केलं. गावातल्या थोडंफार शिकलेल्या माणसांना आणि सुईणींना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. पण मृत्यूंचा मोठा वाटा पहिल्या महिन्यातला होता आणि त्या वयाच्या बाळाला इस्पितळात न्यायचं म्हटलं तरी इस्पितळ होतं कुठे? म्हणून १९९५ पासून ३९ गावांमधल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं गेलं. बाळाचं वजन करायचं, त्याला उबदार ठेवायचं, श्वास घेत नसेल तर तो सुरू करून द्यायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर घरीच इंजेक्शन द्यायचं. नवजात बाळाला गावातली बाई सुई टोचणार, हे तेव्हा अनेक डॉक्टरांच्या पचनी पडलं नव्हतं. पण तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूंचं प्रमाण शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं आणि १९९९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ पासून केंद्र सरकारनं हीच पद्धत देशभर आशाताईंमार्फत राबवायला घेतली. बाळंतपणानंतर आशाताई ठरावीक दिवसांनी घरी येऊन बाळाला तपासतात, त्याचं मूळ या गावांमध्ये आहे.

लसींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे बहुतेकांना ठाऊक आहे. जागतिक लसीकरण मोहीम १९७४ साली सुरू झाली. तिनं पहिल्या ५० वर्षांत १५ कोटी ४० लाख जीव वाचवले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यातले सुमारे ६० टक्के एकट्या गोवराच्या लसीनं वाचले. १९९० मध्ये जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीहून जास्त मुलं दगावली होती. २०२२ मध्ये ही संख्या ४९ लाखांवर आली. भारतातला अर्भकमृत्यू दर १२९ वरून २०२० मध्ये २८ वर आला. देशाचं आयुर्मान पन्नासवरून सत्तरवर गेलं, त्यातला मोठा वाटा इथून आला आहे.

भर तारुण्यातलं मरण

बाळं वाचली की आकडा चढत राहतो. पण तरुण माणसं मरू लागली की चढलेला आकडा उलटा फिरतो. गेल्या चाळीस वर्षांत जगानं हे तीनदा ठळकपणे पाहिलं.

सगळ्यात भयंकर होतं ते आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात. १९९० च्या दशकात एड्सनं बोट्सवाना, इस्वातिनी, दक्षिण आफ्रिका या देशांना घेरलं. बोट्सवानाचं आयुर्मान साठीच्या घरातून पन्नाशीखाली आलं, इस्वातिनीचं तर चाळिशीत. एड्स तिशीतल्या माणसांना नेतो. म्हणजे कमावता बाप जातो, अंगावर पाजणारी आई जाते, शाळेतली मास्तरीण जाते. औषधं तोवर निघाली होती, पण तीन औषधांच्या उपचारांचा वर्षाचा खर्च माणशी दहा-पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी हीच औषधं डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी खर्चात देऊ केली. औषध कंपन्यांनी धरून ठेवलेले भाव त्यानंतर कोसळले. बोट्सवाना सरकारनं २००२ मध्ये उपचार मोफत केले, दक्षिण आफ्रिकेनं बऱ्याच घोळानंतर तोच रस्ता धरला आणि पुढच्या दीड दशकात या देशांचं आयुर्मान दहा-दहा वर्षांनी वर आलं. एवढ्या कमी काळात प्रौढांच्या मृत्यूंत इतका फरक पडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, आणि त्यात मुंबईतल्या एका कारखान्याचा वाटा आहे याचा मला अभिमान वाटतो.

दुसरं उदाहरण रशियाचं, आणि तिथे कोणताही जंतू नव्हता. रशिया तेव्हा सोव्हिएत संघाचा भाग होता. मे १९८५ मध्ये संघाचे नेते गोर्बाचेव्ह यांनी दारूवर कडक निर्बंध आणले. उत्पादन घटलं, दुकानं कमी झाली, किमती वाढल्या. लोक संतापले, पण दोनच वर्षांत पुरुषांचं आयुर्मान ६२ च्या खालून ६५ च्या जवळ गेलं. मोहीम गुंडाळली गेली, मग सोव्हिएत संघच कोसळला. नोकऱ्या गेल्या, व्होडका स्वस्त झाली. १९९४ मध्ये रशियन पुरुषांचं आयुर्मान ५८ च्याही खाली आलं, बायकांचं ७१ राहिलं. एकाच घरातल्या नवराबायकोमध्ये तेरा वर्षांची दरी! अति दारूमुळे हृदय बंद पडणं, विषबाधा, अपघात, मारामाऱ्या, आत्महत्या अशी मृत्यूच्या नोंदीत कारणं वेगवेगळी होती, पण त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा बाटली होती. २००० च्या दशकाच्या मध्यापासून पुन्हा निर्बंध आले आणि २०१९ पर्यंत पुरुषांचा आकडा ६८ च्या वर गेला.

तिसरं उदाहरण अमेरिका. आरोग्यावर माणशी सर्वाधिक पैसा खर्च करणारा हा देश. तिथे २०१४ मध्ये आयुर्मान ७८.९ होतं आणि त्यानंतर कोविड येण्याच्या कितीतरी आधीच ते घसरू लागलं. दुखण्यावर म्हणून सढळ हातानं लिहून दिलेल्या अफूजन्य गोळ्या, मग हेरॉइन, मग त्याहून जहाल फेंटानिल. २०२१ मध्ये नशेच्या अतिमात्रेनं तिथे एक लाखाहून अधिक माणसं गेली. एकूण मृत्यूंच्या मानानं हे तीन टक्केच. पण यातले बरेच जण पंचवीस ते पंचावन्न वयाचे होते. प्रत्येकामागे तीस-चाळीस-पन्नास वर्षं वजा झाली.

आपल्याकडे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली जवळपास दोन तृतीयांश १८ ते ४५ वयोगटातली होती. त्याच वर्षी १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद झाली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. हृदयविकाराच्या तुलनेत या संख्या लहान दिसतात, पण हरवलेल्या वर्षांच्या हिशेबात त्या फार मोठ्या आहेत. आणि त्यांवर उपाय नाही असंही नाही. श्रीलंकेत १९९५ च्या सुमाराला आत्महत्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत मोडत होतं. सरकारनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर एकेक करत बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. निराशेच्या एका क्षणी हाताशी काय आहे, यावर पुढची चाळीस वर्षं अवलंबून असतात.

जपाननं काय केलं

बालमृत्यू आटोक्यात आल्यावर पुढे कसं जायचं, हे शिकायचं असेल तर जपानकडे पाहावं. १९४७ साली युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या जपानमध्ये पुरुषांचं आयुर्मान ५० आणि बायकांचं ५४ वर्षं होतं. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं क्षयरोग, आणि तो तरुणांना गाठत होता. नवी औषधं, बीसीजी आणि गावोगाव छातीचे एक्स-रे काढण्याची मोहीम यांनी क्षयरोग मागे हटला. १९५१ पासून पहिल्या क्रमांकावर पक्षाघात आला आणि तीस वर्षं तिथेच राहिला.

पक्षाघात का? जपानच्या उत्तर भागातले हिवाळे लांब आणि बर्फाचे. भाज्या, मासे मिठात मुरवून ठेवल्याशिवाय वर्ष निघत नसे. त्यात मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, खारट सूप रोजचं. अकितासारख्या भागात माणूस दिवसाला २० ग्रॅमहून जास्त मीठ खात होता. आज पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असा सल्ला देतात. रक्तदाब चढायचा आणि पन्नाशीत मेंदूतली रक्तवाहिनी फुटायची. यावर जपाननं कुठलंही चमकदार तंत्र वापरलं नाही. गावातल्या आरोग्यसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब मोजत, सूप चाखून बघत, मीठ कमी करायला सांगत. १९६१ पासून सगळ्यांना आरोग्य विमा मिळाला, म्हणजे रक्तदाबाची गोळी परवडू लागली. घराघरात फ्रिज आल्यावर मिठात मुरवण्याची गरजही ओसरली. पक्षाघाताचा मृत्युदर ८० टक्क्यांहून जास्त घटला. २०१९ मध्ये जपानी बाईचं आयुर्मान ८७ च्या वर आणि पुरुषांचं ८१ च्या वर होतं.

इथून पुढे मात्र आकडा हलवणं अवघड होतं. समजा उद्या जगातला सगळा कॅन्सर नाहीसा झाला, तर अमेरिकेचं आयुर्मान किती वाढेल? लोक दहा वर्षं, वीस वर्षं म्हणतात. लोकसंख्याशास्त्रज्ञांचं उत्तर आहे, सुमारे तीन वर्षं. तिथे पाच मृत्यूंपैकी साधारण एक कॅन्सरचा असतो आणि बहुतेक वेळा तो साठी-सत्तरीनंतर होतो. त्यातून वाचलेला माणूस अमर होत नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्याला हृदयविकार, स्मृतिभ्रंश किंवा न्यूमोनिया गाठतो. पाचांतल्या एकाची पंधरा वर्षं वाढली, तर सगळ्यांमागे तीनच पडतात. कॅन्सरवरचं संशोधन बिनमहत्त्वाचं आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. घरातल्या माणसासाठी ती पंधरा वर्षं म्हणजे सर्वस्व असतं. एवढंच की, म्हाताऱ्या होत गेलेल्या देशाचं आयुर्मान कुठलाही एक आजार हरवून झपाट्यानं वाढत नाही.

भारत आज या दोन्ही टप्प्यांवर एकाच वेळी उभा आहे. २०१६-२० च्या आकड्यांनुसार केरळचं आयुर्मान ७५ आहे, छत्तीसगडचं ६५, महाराष्ट्राचं जवळपास ७३. केरळसमोर मधुमेह, हृदय आणि उतारवयाचे प्रश्न आहेत, तर अनेक राज्यांत अजून बाळं आणि बाळंतिणी वाचवायच्या आहेत. १९७०-७५ मध्ये भारतीय बाईचं आयुर्मान पुरुषापेक्षा दीड वर्षानं कमी होतं. सुरक्षित बाळंतपणं वाढली, मुलींची आबाळ थोडी कमी झाली, आणि २०१६-२० मध्ये ते पुरुषापेक्षा पावणेतीन वर्षांनी जास्त होतं. तरीही २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावत होत्या आणि आसाममध्ये १९५. आणि महाराष्ट्राचा आकडा चांगला म्हणावा, तर त्यात पुणं आणि मेळघाट एकत्र मिसळलेले असतात.

कारणच नोंदलं नाही तर?

हे सगळं बोलताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की माणूस कशानं गेला हे आपल्याला माहीत आहे. भारतात बहुतेक वेळा ते माहीत नसतं. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत 'अल्पशा आजारानं' किंवा 'वृद्धापकाळानं' असं असतं, ते ठीकच आहे, ती कुटुंबाची खासगी बाब आहे. पण दाखल्यावरसुद्धा अनेकदा 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढंच लिहिलेलं असतं. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं; ते का पडलं, हे कळायला हवं. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं, असे मृत्यू चारात एकही भरत नव्हते.

ही उणीव भरून काढायला भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयानं आणि टोरांटोच्या डॉ. प्रभात झा यांच्या गटानं वेगळी वाट काढली. मृत्यू झालेल्या घरी प्रशिक्षित माणूस जाऊन बसतो आणि शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते विचारतो. ताप होता का, किती दिवस, दम लागत होता का, अंग सुजलं होतं का, काही चावलं होतं का? मग दोन डॉक्टर ती हकिकत स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवतात. अशा लाखो घरांतल्या हकिकतींमधून जे बाहेर आलं, त्यात सापाच्या चाव्याचे मृत्यू होते. २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. इस्पितळांच्या नोंदींत यातले फारच थोडे होते, कारण शेतात साप चावलेला माणूस अनेकदा वाटेतच किंवा मांत्रिकाच्या दारात जातो. यातल्या सुमारे निम्म्या माणसांचं वय ३० ते ६९ होतं आणि पाव हिश्श्याहून जास्त १५ वर्षांखालची मुलं होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण आणि प्रत्येक मृत्यू सरकारला कळवणं बंधनकारक करायला सांगितलं.